काटा उतरला

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मी नुसते डोळे वटारले आणि तापलेल्या गाडीचा काटा सरसर खाली आला!” मागच्या सीटवर धापा टाकणाऱ्या बायकोने जरा हसावं, म्हणून म्हाताऱ्याने थाप ठोकली. दवाखाना अजून पंधरा किलोमीटर लांब होता, तोही चढाचा. शेजारी बसलेल्या मेकॅनिक लेकीने हीटर लावला. गार हवा आली.

“रेडिएटरची गळती कालच बुजवली मी. ठणठणीत आहे गाडी!” म्हातारा म्हणाला.

इंजिन खडखडू लागलं.

“बाबा, आत पाणी असतं तर हवा गरम आली असती. काटा पाण्याचा ताप मोजतो. मोजायला थेंब उरला नाही, म्हणून तो पडलाय,” आईला ऐकू जाऊ नये अशा बेताने लेक म्हणाली. “गळती तुम्ही बुजवलीच नाहीत.”