अर्धलीची पुस्तकं

वैजयंतीच्या धाकट्या मुलीचं बारसं टँकरच्या पाण्यावर झालं, त्या सालची ही गोष्ट. सांगोल्याच्या पलीकडच्या वाडीत दूध डेअरी बंद पडली होती, आणि तिच्या रिकाम्या खोलीत वैजयंती आणि तिचा दीर धनाजी दोन वर्षं फुकट वाचनालय चालवत होते. उन्हाळा सरता सरता एका दुपारी दोघं पुस्तकं पोत्यांत भरायला बसले.

दीडशेतली चौसष्ट पुस्तकं बाहेर होती. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चाऱ्यामागं गेलेल्या माणसांनी ती नेली होती. माणसं परत येऊन आठ दिवस झाले. पुस्तक एकही आलं नव्हतं.

"फुकट दिलं की असंच होतंय, वहिनी," धनाजी म्हणाला. "उरलेली तरी सांगोल्याच्या शाळेला देऊन टाकू. तितं निदान कपाटाला कुलूप हाय."

वैजयंतीनं दाभणात सुतळी ओवली आणि पहिल्या पोत्याचं तोंड शिवलं. दुसरं शिवताना तिचे हात थांबले. दोन वर्षं तिनं ही पुस्तकं घरोघर फिरून मागून आणली होती.

दारात सिद्धाप्पा येऊन उभे राहिले. सत्तरीचे मेंढपाळ, काखेत कापडी पिशवी. चपला बाहेर काढून ते आत आले.

"सूनबाई, रागावनार न्हाईस नव्हं?"

"पुस्तक हरवलं का, आबा?"

"हरवंल कसं? सत्तर वर्सांत जित्राब हरवलं न्हाय, बुक हरवतंय व्हय!"

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. ते जुन्या लुगड्याच्या धडक्यात गुंडाळलेलं होतं. मग दोन वह्या काढल्या आणि पुस्तकाच्या दोन बाजूंना एकेक ठेवली.

"हे तुजं. आन ही त्याची पिल्लं. आदी मालकानं उचलायचं. ऱ्हाईल ते माजं."

मेंढी अर्धलीनं देतात तेव्हा असं असतं. मेंढी एकाची, चारणारा दुसरा. होतील ती पिल्लं निम्मी निम्मी, आणि पहिली निवड मालकाची.

"आबा, पुस्तक अर्धलीनं नव्हतं दिलं," वैजयंती म्हणाली. "नुसतं वाचायला. फुकट."

"फुकट?" सिद्धाप्पांचा आवाज चढला. "आट म्हैनं बुक माज्याकडं ऱ्हायलं. रोज सांजच्याला नातीनं आन मी वाचलं. आन ते फुकट? मला काय भिकारी समजलीस?"

"तसं नाही, आबा. पण मग बाकीच्यांची पुस्तकं?"

"आमच्या तळावरचा येडू म्हनतोय, बुक भाकड निगालं म्हनून सांगू का. त्याला लिवता येत न्हाय. सोनाबाईचं अजून व्यायचं हाय, दोन पानं ऱ्हायल्यात. रिकाम्या हातानं कसं यायचं? समदी तिकडं लिंबाखाली बसल्यात. तू रागावलीस का बगायला मला पुढं लावून दिलं."

धनाजीच्या हातातलं पोतं गळून पडलं.

वैजयंतीनं पहिली वही उघडली. अक्षरं मोठी, एका अंगाला कललेली. कळप कुठं कुठं उतरला, कुठल्या विहिरीला पाणी होतं, कुणी रान दिलं, कुणी कुत्रं सोडलं, सगळं गाववार लिहिलेलं होतं. दुसऱ्या वहीत सिद्धाप्पांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

"कुठली घेऊ, आबा?"

"ते मालकानं बगायचं. मला इचारू नगं." ते जमिनीकडं बघत होते.

"नर हाय का मादी बगून घ्या, वहिनी," धनाजी म्हणाला.

"तू गप! तुज्याकडं एक शेरडू टिकलं न्हाय कदी," सिद्धाप्पांनी सुनावलं.

वैजयंतीनं ओव्यांची दोन पानं वाचली. मग वही मिटली, परत ठेवली आणि पाण्याची वही उचलली.

"ही घेते. पुढच्या साली जाणाऱ्यांना उपयोगी पडंल."

सिद्धाप्पांनी ओव्यांची वही झटकन पिशवीत घातली आणि पिशवी पोटाशी धरली. "बेस केलंस," ते म्हणाले. "लई बेस केलंस."

वैजयंती दारात गेली आणि लिंबाकडं तोंड करून ओरडली, "या की सगळी! भाकड असली तरी चालत्यात!"

हसण्याचा मोठा कालवा झाला. माणसं उठली. सगळ्यांत मागं येडू होता. त्याच्या हातात भुतांच्या गोष्टींचं पुस्तक होतं, त्याला जुन्या घोंगडीचं अंगडं शिवलेलं.

"पानं सुटायला लागली हुती," तो मान खाली घालून म्हणाला. "थंडीत आमच्यासंगं हुतं की ते बी."

सोनाबाईनं उंबऱ्यावरच बसकण मारली आणि राहिलेली दोन पानं लिहायला घेतली. मधेच तिनं विचारलं, "गुडघ्याला बिब्बा लावायचा का न्हाय गं?" चार बायकांनी चार उत्तरं दिली. तिनं चारही लिहिली.

कुणी सांगायच्या आत धनाजीनं पोत्यांची सुतळी कापली होती.

दिवेलागणीपर्यंत एकसष्ट पुस्तकं आली. पिल्लांना जागा पुरेना, तेव्हा दुधाचे कॅन बाहेर काढून त्यांची फळी पुसली. जाताना वैजयंतीनं दारावरच्या पाटीतला 'मोफत' शब्द ओल्या फडक्यानं पुसला आणि खडूनं तिथं 'अर्धलीनं' असं लिहिलं. ती पाटी अजून तशीच आहे.

सिद्धाप्पा त्यानंतर दोन वर्षांनी, पौषातल्या एका सोमवारी सकाळी, मोडनिंबजवळच्या मेंढरांच्या तळावर वारले, असं नातीनं आणून दिलेल्या वहीत लिहिलेलं आहे.