शेवटचा अंगठा

नव्या लातूर जिल्ह्याचे नवे कलेक्टर ठराव वाचता वाचता थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि तोच ठराव पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. शाळेच्या पायरीवर बसलेल्या सरजाबाईने पदर नीट केला आणि ती समोरच्या वाळलेल्या लिंबाकडे पाहू लागली.

सरपंच श्रीमंतराव हसतमुखाने उभे होते. टँकरचा ठराव लिहायला त्यांनी ग्रामसेवकाला सांगून ठेवलं होतं; दुष्काळ पाहायला आलेले साहेब तोच वाचत असणार, याविषयी त्यांना शंका नव्हती.

साहेबांनी मोठ्याने वाचलं, "पंचायतीच्या विहिरीत पोहरा सोडला म्हणून मारोतीला जिवे मारलं. पोलिसांनी ते नुसतं पाण्याच्या रांगेतलं भांडण लिहिलं. तरी केंद्राच्या अस्पृश्यताविरोधी नागरी हक्क संरक्षण कायद्याखालीही गुन्हा नोंदवावा, अशी ही पंचायत सरकारला विनंती करते."

सरपंचांचं हसू तोंडावरच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं.

मारोती सरजाबाईच्या भावाचा मुलगा. तीन आठवड्यांपूर्वी गेला. तो कशावरून गेला हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त कागदाला माहीत नव्हतं. ते कागदावर यावं, एवढंच सरजाबाईला हवं होतं.

कायद्याने एक बाई घ्यावी लागते, म्हणून ती आठ वर्षं पंचायतीत मेंबर होती. सभा अशी कधी भरतच नसे. शिपाई व्यंकटी रजिस्टर घेऊन घरोघर फिरे, कोऱ्या पानावर तळाला सह्या होत आणि वर काय लिहायचं ते सरपंच मागाहून ग्रामसेवकाला सांगत. सरजाबाईचं घर सगळ्यात शेवटी. व्यंकटी रजिस्टर दारापुढच्या दगडावर ठेवून चार पावलं मागे सरके. तिचा अंगठा उमटला की ते घटकाभर उन्हात ठेवी. शाई वाळावी म्हणून, असं म्हणे.

आज सकाळी रजिस्टर दगडावर ठेवलं आणि जीपचा धुरळा दिसला. साहेब तासभर आधीच आले होते. व्यंकटी खुर्च्या मांडायला धावला. मारोतीने तिला गेल्या वर्षी पाटीवर अक्षरं शिकवली होती. पण ही गोष्ट तिने गावाला सांगितली नव्हती. मागतात अंगठा, तर द्यावा अंगठा. मारोतीचंच पेन होतं. ठराव तीन आठवडे तोंडपाठ होता. लिहून झाल्यावर तिने नेहमीसारखा अंगठा उठवला आणि रजिस्टर स्वतःच नेऊन साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब, हे ग्रामसेवकाचं अक्षर नाही," सरपंच म्हणाले.

"न्हाई. माझं हाय," सरजाबाई म्हणाली.

साहेबांनी पान न्याहाळलं. "सह्या तर सगळ्यांच्या आहेत. तुमचीही आहे, सरपंच."

"आहे ना. पण आम्ही सह्या केल्या तेव्हा पान कोरं होतं. हिने वरचं मागून लिहिलं."

कोऱ्या पानावर सही केल्याचं कबूल करायलाही सरपंच तयार झालेले पाहून ग्रामसेवकाने डोळे मिटून घेतले. पण साहेबांचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. ते आठ वर्षांची पानं मागे मागे उलटत होते. प्रत्येक पानावर सगळ्या सह्यांच्या खाली, अगदी तळाला, तोच एक निळा अंगठा.

"म्हणजे रजिस्टर यांच्याकडे सर्वांत शेवटी जातं. दर वेळी? ते का?"

व्यंकटी खुर्च्या मोजू लागला. सरजाबाई पायरीवरून उठली.

"सांगा की, मालक," ती मऊ आवाजात म्हणाली. "माझा नंबर शेवटी का, ते सायबांना सांगा. म्हंजे हे मी मागून लिवलं, हे आपसूक खरं हुईल."

श्रीमंतरावांनी तोंड उघडलं. साहेबांनी पुन्हा उघडलेल्या आजच्या पानावर त्या कायद्याचं नाव ठळक अक्षरात होतं. त्यांनी तोंड मिटलं, उपरण्याने कपाळ पुसलं आणि पुन्हा उघडलं.

"ठराव सर्वानुमते मंजूर झालाय, साहेब."