आपोआप पडलेलं

सगळ्यांच्या वस्तू मांडून झाल्या आणि सलूनवाल्याची पाळी आली. त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, पण उघडली नाही.

नियम तसा सोपा होता. उद्यानातल्या या मोठ्या झाडाखाली दर रविवारी सकाळी जमायचं. येताना निसर्गातलं, आपोआप पडलेलं काहीतरी आणायचं. तोडलेलं, कापलेलं चालत नाही. ते झाडाच्या मुळाशी ठेवायचं, ‘हे तुझं होतं, तुला परत’ एवढं म्हणायचं आणि रिकाम्या हातांनी घरी जायचं. ना मूर्ती, ना पोथी, ना पुजारी.

सलूनवाला इथे दुसऱ्यांदाच येत होता. त्याआधी तो उगवत्या सूर्यापुढे उभं राहणाऱ्या मंडळींकडे जाऊन आला. तिथे उभ्या उभ्या डुलक्या लागायच्या. मग नदीला आई मानणाऱ्यांत गेला. तिथून सर्दी घेऊन आला. बायको म्हणायची, “अहो, गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं तुमची खुर्ची सोडत नाहीत, आणि तुम्ही मात्र एका देवापाशी टिकत नाही.” तो हसण्यावारी न्यायचा. लहानपणी ज्या देवापुढे हात जोडायला लावले, त्याच्याशी त्याचा सूर कधी जुळला नव्हता. आजवर त्यावाचून काही अडलंही नव्हतं. आता मात्र एक गोष्ट मागायची होती. कुणापाशी मागायची, तेवढंच ठरत नव्हतं.

ती गोष्ट पलीकडे बाकावर बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर चहाचा थर्मास. बायको उपचारांनी पार थकली होती, तरी “तुमचं नवं सासर बघून येते” म्हणत आज हट्टाने सोबत आली होती.

“काय आणलंत?” भूगोलाच्या बाईंनी विचारलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे मंडळ त्यांनीच सुरू केलं होतं.

त्याने पुडी उघडली. आत केस होते. लांब, काळे, मधूनच एखादा पांढरा. कंगव्यातून सोडवून बोटाभोवती गुंडाळलेले.

शेजारी बसलेल्या टॅक्सीवाल्याने मान लांब करून पाहिलं. त्याने स्वतः एक पीस आणलं होतं. “दादा, दुकानातून उचलून आणलेत काय? कापलेलं चालत नाही बरं का.”

“ते मला सांगतोस?” सलूनवाला म्हणाला. “अख्खा आठवडा डोकं खाजवलंय मी. माझ्या दुकानात जमिनीवर पडतं ते सगळं कापलेलंच. हे एवढेच मी कापलेले नाहीत.”

बाई जरा घुटमळल्या. “पण निसर्गातलं आणायचं, असं ठरलंय आपलं.”

“मग माझी बायको कुठली, बाई? कारखान्यातली?”

बाकावरून खुदकन हसू आलं. “तरीच! मी सकाळपासून विचारतेय, कंगवा एवढा लख्ख केला कुणी!”

सगळेच हसले. बाईही हसल्या, आणि आपली वाळकी शेंग बाजूला सरकवून त्यांनी मुळाशी जागा केली. “ठेवा,” त्या म्हणाल्या.

त्याने केस ठेवले. आता फक्त ते वाक्य राहिलं होतं.

“हे तुझं...” एवढं म्हणून तो अडला. दिवसभर गिऱ्हाइकांशी जगाच्या गप्पा मारणारा माणूस, आणि एक साधं वाक्य तोंडातून निघेना. बोटंही केसांवरून उचलली जाईनात. मागच्या रविवारी वाळकं पान ठेवताना हेच वाक्य त्याने धडाधड म्हटलं होतं. पण पानाचं वेगळं. हिच्या केसांवर हात ठेवून ‘तुझं होतं, तुला परत’ म्हणायचं, म्हणजे एक प्रकारे कबूलच करायचं. तो मागायला आला होता, द्यायला नाही. त्याला भीती वाटली, आणि ती लपवताही आली नाही.

“नाही जमणार, बाई,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी पानच आणतो.” आणि त्याने केस उचलून परत कागदात ठेवले.

बायको उठली. बाकाचा आधार घेत, सावकाश पावलं टाकत आली आणि त्याच्याशेजारी खाली बसली.

“सरका जरा. केस माझे आहेत, मी बोलते.”

तिने पुडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि केस मुळाशी ठेवले. मग दारात आलेल्या शेजारणीशी बोलावं तशी ती झाडाशी बोलली.

“हे तुझं होतं, तुला परत.” जरा दम घेतला. “बाकीची मी अजून यांची आहे. घाई करू नकोस.”

हे नियमात बसतं की नाही, ते बाईंनी काढलं नाही. वर फांद्यांत पाखरांचं आपलं भांडण चालूच होतं. सलूनवाल्याने बाहीने डोळे पुसले आणि थर्मास उघडून सगळ्यांना चहा ओतला.

चहा संपला, मंडळी पांगली. वाऱ्याने केसांची गुंडाळी सुटली आणि ते मातीवर पसरले. सलूनवाला उठला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“केरसुणी,” तो बोलून गेला. मग त्याने तिला हात देऊन उठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जमिनीवरचे केस तिथेच राहू दिले.