नव्या चरख्या

सिंगापुरात मनोहरची एक जुनी शिडाची बोट होती. दोर ओढता ओढता बायकोचे, मधुवंतीचे, खांदे भरून यायचे आणि तोंड सुटायचं. शेवटी पठ्ठ्यानं बोटीवर दोर गुंडाळणाऱ्या नव्या चरख्या बसवल्या. हँडल लावून फिरवलं की एकट्याला शीड आवरायचं.

"मग माझं काय काम? जा एकटे," म्हणत ती रविवारी घरीच राहिली. तो गेला, पण तासाभरात परत आला.

पुढच्या रविवारी तोंड पाडून म्हणाला, "अगं, हँडल पाण्यात पडलं. पुन्हा हातानंच ओढायचं आलं. येतेस?"

"कशाला हवी होती ती थेरं!" म्हणत ती तरातरा निघाली.



बोटीवर डबा ठेवायला तिनं त्याची पिशवी उघडली, तर तळाशी हँडल. तिनं त्यावर डबा ठेवला, चेन लावली आणि दोराला हात घातला.