शनिवारच्या सिनेमाचा शेवट

नायिकेला कळा सुरू झाल्या आणि प्रमिलाताई सवयीने गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागल्या. पूर्वी टीव्हीवर शनिवारचा सिनेमा रंगात आला, की नेमकी त्यांची भाकऱ्या थापायची वेळ होई. सासऱ्यांना आठाच्या ठोक्याला गरम ताट लागायचं. त्यामुळे त्या काळातल्या एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिला नव्हता. जेवणानंतर मागचं आवरताना त्यांचे यजमान भास्करराव ओट्याला टेकून तो सांगत, अगदी पार्श्वसंगीतासकट.

आज मात्र दुपार होती, जेवणं उरकली होती. लेकीने त्यातलाच एक सिनेमा मोबाइलवरून टीव्हीला लावून दिला होता. शेजारच्या खुर्चीत भास्करराव केव्हाच पेंगले होते. प्रमिलाताई पुन्हा टेकून बसल्या.

पडद्यावर बाळ रडलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान खाली घातली. नायिका गेली होती.

प्रमिलाताई चपापल्या. हा शेवट नव्हताच. "मुलगी झाली, दोघी सुखरूप," असं सांगितलं होतं ह्यांनी. त्यांना स्वयंपाकघरातला तो उकाडा आठवला, आणि ओट्याला लागणारं स्वतःचं पोटही. सातवा महिना होता तेव्हा.

त्यांनी टीव्ही बंद केला, तशी भास्कररावांना जाग आली. "काय झालं गं शेवटी?"

पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी सुखरूप."

"मग, सांगितलं नव्हतं मी?" असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.