चमच्याची टकटक

लियाँच्या त्या खाणावळीत ओदिलच्या दिवंगत पणजीने, 'मेर' म्हणजे 'आई' म्हणून नावाजलेल्या क्लोतिल्दने, एक रीत घालून दिली होती. सॉस चाखायचा आणि मनासारखा जमला तरच चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवायचा. आज पहिल्यांदाच ओदिल चुलीपाशी उभी होती. सॉस फसला, तर पुन्हा भांडी घासायला!

टक. टक.

"अगं ए उतावळे, आधी चाख तरी!" म्हातारे शेफ बेर्त्राँ ओरडले.

"मी नाही वाजवलं, शेफ!" तिच्या हातातला चमचा कोरडा ठणठणीत होता.

बेर्त्राँनी स्वतःच सॉस चाखला. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, चाळीस वर्षांनी तुझ्या पणजीचा सॉस! मीठ केव्हा घातलंस?"

"अजून घातलंच नाहीये," ओदिल म्हणाली खरी, पण सॉस न चाखताही तिच्या जिभेवर लोण्याची, वाइनची आणि मिठाची चव रेंगाळत होती.