तीनदा पुसलेली टेप

“पुसलेली टेप पुन्हा कशी पुसतात, हे मला एकदा समजावून सांगा.” निवेदकाने नोंदवही उघडी करून टेप क्रमांक सत्तावन्नवर बोट टेकवले.

ध्वनिमुद्रक भांडारातल्या फळ्यांवरची धूळ झटकत राहिला. खांद्यावर सदैव पिवळे फडके असल्यामुळे रेडिओ केंद्रात सगळे त्याला फडकेबुवा म्हणत.

नोंदवहीत त्या टेपेपुढे तीन तारखा होत्या आणि तिन्हींपुढे एकच शब्द: पुसली. पहिली तारीख, केंद्राने मुलाखती बंद करून सुगम संगीत सुरू केले तेव्हाची. दुसरी, सुगम संगीत जाऊन चित्रपटगीते आली तेव्हाची. तिसरी, दोन गाण्यांच्या मध्ये श्रोत्यांचे फोन घेण्याची टूम निघाली तेव्हाची. प्रत्येक बदलाला वरून तोच हुकूम येई: जुन्या टेपा पुसून ठेवाव्यात. गाणी मात्र तबकड्यांवरूनच वाजत. त्या टेपांवर नवे काही कधी चढलेच नाही. मग दुसऱ्यांदा पुसायला तिच्यावर उरले होते काय?

निवेदक अनुस्वारासाठी वरिष्ठांशी भांडणारा माणूस होता. असली नोंद त्याच्या पचनी पडणे शक्य नव्हते. शिवाय जखम जुनी होती. ‘बोलता बोलता’ हा मुलाखतींचा कार्यक्रम त्याचा. घड्याळजी, सुईण, गिरणीवाला, अशी गावातली दोनशे बारा माणसे त्याने बोलती केली होती. सत्तावन्नावी त्याची आत्या. तिने त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि तिचा आवाज आता जगात कुठेच उरला नव्हता. ‘पुसली’ हा शब्द प्रथम वाचला, त्या दिवसापासून फडकेबुवांशी त्याने कामापुरतेच बोलणे ठेवले होते.

उद्यापासून केंद्र संगणकच चालवणार होता. कोऱ्या टेपा हव्या त्याने न्याव्यात, असे पत्र आले होते. अट एकच: त्या पुसल्या आहेत, असे निवेदकाने सहीनिशी लिहून द्यावे. अर्जही एकच आला होता. फडकेबुवांचा, सगळ्याच्या सगळ्या टेपांसाठी. निवृत्तीला आठवडा उरलेल्या माणसाला दोनशे बारा कोऱ्या टेपा कशाला हव्यात? आणि तीन आठवडे भर दुपारी दार लावून हा भांडारात करत काय होता? कुठेतरी पाणी मुरत होते. खोट्या नोंदींची तक्रार निवेदकाच्या खिशात तयार होती. ती वर गेली, की फडकेबुवांच्या उभ्या नोकरीला काळिमा लागणार होता. निवेदकाला त्याचे वाईट वाटत नव्हते.

“तुम्ही खोटं लिहिलंय,” तो म्हणाला. “एकदा नाही, तीनदा.”

“एकदाही नाही.”

“मग लावा ती सत्तावन्न. कोरी टेप कशी असते, ते ऐकू द्या.”

फडकेबुवांनी आधी दार लावले. मग टेप यंत्रावर चढवली. क्षणभर खरखर झाली, आणि आत्या करवादली, “आधी हे दांडकं माझ्या नाकासमोरून बाजूला घे. बोलू का वास घेऊ?”

निवेदकाने खुर्ची यंत्राजवळ ओढली. टेप फिरत राहिली.

“तीन आठवडे एकेक लावून बघतोय,” फडकेबुवा म्हणाले. “सगळ्या बोलतात.”

“पण इथे तर ‘पुसली’ लिहिलंय.”

“पुसलीच की. दर हुकमाला एकूण एक पुसली.” फडकेबुवांनी खांद्यावरचे फडके काढून नोंदवहीवर ठेवले. “कशाने पुसायची, ते हुकमात नव्हतं.”

“आणि इतकी वर्षं मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही पुढे कंसात खुलासा लिहायला लावला असता.”

निवेदकाने खिशातला तक्रारीचा कागद काढून फाडला. सही करायची, तर नोंद खरी हवी. त्याने फडके उचलले आणि सत्तावन्नची डबी कानाकोपऱ्यांसकट पुसली. मग उरलेल्या दोनशे अकरा. शेवटी नोंदवही जवळ ओढून त्याने आजची तारीख घातली, आणि वळणदार अक्षरात, कंसाशिवाय, प्रत्येकीपुढे लिहिले: पुसली.